सोलापुरात घरी मॉडेल रेल्वे: हात पोहोचेल तिथेच रूळ टाका

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घर अशोक चौकाच्या पलीकडे, शेजारी यंत्रमागाचा कारखाना, गच्चीवर दहा बाय बारा फुटांची खोली रिकामी. मुलगा दहा वर्षांचा. दिवाळीत एचओ स्केलचा (म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान) एक तयार सेट आणला, तो सतरंजीवर मांडून चालवता. महिनाभर गाडी छान पळाली. आता इंजिन मधेच थांबतं, बोटानं ढकललं की पुढे जातं, आणि एका ठरावीक वळणावर डबे उतरतात. तरी मुलाची हौस कमी झालेली नाही, म्हणून खोलीत आठ बाय चारचं टेबल भिंतीला लावून पक्का लेआउट करायचा आहे: दोन गोल, कोपऱ्यात डोंगर, त्यात बोगदा, वर चढणारी एक लाईन, आणि त्यावर सिद्धेश्वर एक्सप्रेस. तो कसा करावा आणि केलेला टिकावा कसा, हे तुम्ही विचारलंय.

मी तीस वर्षं यंत्रमागाच्या मोटारी रिवाइंड केल्या, म्हणजे तुमच्या शेजारच्या कारखान्यातून काय उडतं ते मला चांगलं माहीत आहे. घरात लेआउट २००३ पासून आहे. पहिला मीच मोडला, दुसरा आजही रोज चालतो. पहिला का मोडावा लागला ते आधी सांगतो, कारण तुम्ही अगदी त्याच वाटेनं निघाला आहात.

माझंही टेबल आठ बाय चारचंच होतं आणि कोपऱ्यात दोन भिंतींना टेकलेलं होतं. मागच्या बाजूला डोंगर, डोंगराच्या पोटात वळण, आणि त्या वळणावर एक सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा पॉइंट. दिसायला फार सुंदर होतं. पहिल्याच पावसाळ्यात तो सांधा अडकायला लागला. टेबलाची रुंदी चार फूट, माझा हात पोहोचायचा जेमतेम अडीच फूट. डबा आत उतरला की टेबलाखाली सरपटत जाऊन खालून भोकातून हात घालायचा. हळूहळू मी ती लाईन वापरणंच सोडलं, मग तिच्यावर धूळ बसली, मग बाहेरची लाईनही नकोशी झाली. दीड वर्षानं डोंगर करवतीनं कापून काढला. प्लास्टर, जाळी, झाडं सगळं पोत्यात भरताना घरातलं कुणी काही बोललं नाही, पण मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

म्हणून माझा पहिला नियम: उभ्या जागेवरून जिथे हात सहज पोहोचतो तिथेच रूळ टाकायचा. सहज म्हणजे दोन फूट. याला लागूनच दुसरा: झाकलेल्या जागेत सांधा ठेवायचा नाही आणि शक्यतो रुळांचा जोडही ठेवायचा नाही. टेबलाचा आकार, वायरिंग, सफाई हे पुढचं सगळं या दोन गोष्टींवर ठरतं.

आता तुमच्या खोलीचं बघू. दहा बाय बारामध्ये आठ बाय चारचं टेबल भिंतीला लावलं तर मागचे दोन फूट हाताबाहेर जातात. ते मधोमध ठेवलं तर चालायला जागा उरते, पण गोल अरुंदच राहतो. चार फूट रुंदीत वळणाची त्रिज्या ५५ सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. आपल्या जुन्या बनावटीच्या निळ्या आयसीएफ डब्याची बॉडी २१.३ मीटर लांब, एचओमध्ये ८७ नं भागलं की साडेचोवीस सेंटिमीटर. नव्या एलएचबी डब्याची बॉडी साडेतेवीस मीटर, म्हणजे २७ सेंटिमीटर. वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या किमान तिप्पट हवी हा ढोबळ हिशेब मला कायम उपयोगी पडला आहे. आयसीएफसाठी ती साधारण ७४ सेंटिमीटर होते, एलएचबीसाठी ८१. तयार सेटमधलं वळण बहुतेक वेळा ३६ ते ४४ सेंटिमीटरचं असतं. छोट्या मालडब्यांना ते चालतं, लांब डबा मात्र कपलरला (डबे जोडणाऱ्या आकड्याला) बाजूला ओढतो आणि उतरतो. तुमचे डबे एकाच वळणावर उतरतात म्हणजे त्यात सतरंजीचाही हात असणार: खालचं मऊ, रूळ एका बाजूला दबतो. पण मूळ ताण वळणाचाच.

माझा सल्ला, टेबल करूच नका. चारही भिंतींना धरून सोळा-अठरा इंच रुंदीची फळी फिरवा आणि दारात उचलून बाजूला ठेवता येईल असा अडीच-तीन फुटांचा पूल करा. तुम्ही मधे उभे राहाल, गाडी तुमच्याभोवती फिरेल, आणि प्रत्येक इंच हाताशी असेल. फक्त कोपऱ्यात फळी थोडी तिरकी भरावी लागेल, म्हणजे वळण ३० इंचांचं, ७६ सेंटिमीटरचं, आरामात बसतं. भिंतीपासून तीन इंच सोडून रूळ टाकला तर पूर्ण फेरा साधारण साडेअकरा मीटरचा होतो. त्याला ८७ नं गुणा: खऱ्या मापात एक किलोमीटर. आठ बाय चारच्या टेबलावर याच्या जेमतेम निम्मं मिळतं.

पुलाच्या दोन्ही टोकांना एकेक संपर्कपट्टी अशी लावा की पूल उचलला की अलीकडच्या-पलीकडच्या तीन-तीन फूट रुळांचा करंट आपोआप तुटेल. हे पहिल्याच दिवशी करा. पूल काढलेला असताना इंजिन कडेवरून फरशीवर पडलं की त्याची बॉडी पुन्हा सरळ होत नाही.

वर चढणारी लाईन सोडून द्या. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर मधे सात-आठ सेंटिमीटरची उंची लागते. बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, आणि तिथे मागून जादा इंजिनं लावतात. घरी ५० ला १ हा चढ धरला तरी नुसतं वर जायला चार मीटर लागतात, उतरायला पुन्हा चार. आपला मुलूख सपाट आहे, लेआउटही सपाट असू द्या. बोगद्याची हौस असेल तर पूर्वी भैय्या चौकाजवळ रेल्वेवरून होता तसा एक रस्त्याचा पूल गाडीवरून आडवा टाका. गाडी त्याखालून जाते, क्षणभर दिसेनाशी होते, मुलाचं मन भरतं, आणि पूल नुसता ठेवलेला असल्यामुळे हवा तेव्हा उचलता येतो.

सिद्धेश्वरबद्दल. चोवीस आयसीएफ डब्यांची लांबलचक गाडी जोडली तर ती इंजिन धरून सव्वासहा मीटर होते, निम्म्या खोलीहून जास्त वेढा. बारा फुटांच्या बाजूला दोन्ही वळणं वजा जाता सरळ जागा उरते साधारण दोन मीटर, त्यातून दोन्ही टोकांच्या सांध्यांना अर्धा मीटर गेला की लूप लाईनला दीड मीटर. एक इंजिन आणि चार डबे. एवढ्यात एक गाडी लूपवर थांबते आणि दुसरी मेन लाईननं धडधडत निघून जाते. मोहोळ, माढा अशा स्टेशनांवर हेच तर आपण बघत आलो. लहान स्टेशन करा. सोलापूर जंक्शन खोलीत मावत नाही आणि कोंबलं तर खरं वाटत नाही.

स्टेशन कुठलं, असं मला कुणी विचारलं की मी कुर्डुवाडी सांगतो. यात माझं प्रेम आहेच, पण हिशेबही आहे. आपलं ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटर. ते एचओमध्ये १९.३ मिलिमीटर व्हायला हवं, पण बाजारात मिळणारा रूळ १६.५ चा, तो मुळात युरोप-अमेरिकेच्या १४३५ गेजचा. म्हणजे आपली ब्रॉडगेज गाडी मॉडेलमध्ये कायम थोड्या अरुंद रुळावर उभी असते. आम्ही सगळ्यांनी ते स्वीकारलंय. आता बार्शी लाईट रेल्वे घ्या. अडीच फुटी, ७६२ मिलिमीटर. याच ८७ च्या प्रमाणात तिला पावणेनऊ मिलिमीटरचा रूळ हवा, आणि एन गेजचा (एचओहून लहान मॉडेलांचा) तयार रूळ ९ मिलिमीटरचा मिळतो! पाव मिलिमीटरचा फरक, डोळ्याला कळतच नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं ही लाईन बांधली. १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी अशी ती सुरू झाली, बार्शी रोड म्हणजेच आजचं कुर्डुवाडी. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही, अशा बेतानं त्यानं रूळ, इंजिनं, डबे सगळं आखलं, म्हणून हलक्या रुळांवरही जड काम झालं. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली, सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी गच्च भरलेली ही गाडी आमच्या आधीच्या पिढीनं बघितली आहे.

कुर्डुवाडी केलं तर एकाच फलाटाच्या एका अंगाला ब्रॉडगेज आणि दुसऱ्या अंगाला ही छोटी लाईन उभी राहते, दोन्ही एकाच प्रमाणात. नॅरोगेजला २५ सेंटिमीटरचं वळणही चालतं, त्यामुळे ती कोपऱ्यातल्या तिरक्या फळीवर मावते. तयार बार्शी लाईटचं इंजिन दुकानात मिळायचं नाही. एन गेजच्या एखाद्या चांगल्या चेसिसवर पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिक शीटची बॉडी स्वतः बांधावी लागते. ते काम दोन-तीन वर्षांनी, मुलगा जरा मोठा झाल्यावर काढा. आज फक्त तेवढी जागा मोकळी ठेवा.

आता सुतारकाम. बारा एमएमचं वॉटरप्रूफ प्लाय, खाली पाइनच्या दोन बाय एकच्या पट्ट्यांची चौकट, दर सोळा इंचांवर आडवी पट्टी. पाय लोखंडी चौकोनी पाइपचे करा, वाळवीचा प्रश्न मिटतो. भिंतीत एल अँगल ठोकला तर पायही लागत नाहीत. उंची मुलाच्या छातीएवढी, साधारण साडेतीन फूट. तुम्हाला थोडं वाकावं लागेल, पण त्याला गाडी डोळ्यासमोरून जाताना दिसायला हवी. प्लाय कापल्यावर सगळ्या कडांना, वरून आणि खालून, प्रायमरचे दोन हात द्या. लोक खालची बाजू सोडतात. मग एका अंगानं ओल शिरते आणि फळी पापडासारखी उचलते.

ओल म्हटल्यावर आपल्याकडे हसतात, सोलापुरात कसली ओल म्हणून. पण आपला खरा त्रास फरकाचा आहे. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश, हवा कोरडी ठणठणीत, गच्चीवरच्या खोलीचा स्लॅब रात्री दहालाही हाताला गरम लागतो. डिसेंबरच्या पहाटे तोच १४-१५ वर. निकेल सिल्व्हरचा रूळ (नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त) तीस अंशांच्या फरकाला मीटरमागे अर्धा मिलिमीटर वाढतो. साडेअकरा मीटरच्या फेऱ्यात साडेपाच मिलिमीटर. आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात लाकूड कोरडं होऊन आकसतं. रूळ लांबतोय, खालची फळी आखडतेय. मधे फट नसेल तर रूळ बाजूला फुगतो, स्लीपरच्या खिळ्यातून सुटतो.

म्हणून रूळ टाकताना ऋतू बघा. हिवाळ्यात टाकत असाल तर दर ९१ सेंटिमीटरच्या फ्लेक्स, म्हणजे वाकवता येणाऱ्या रुळाच्या, तुकड्यामागे एक फट, लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याच्या जाडीची. पुठ्ठ्याचा तुकडा जोडात ठेवायचा, रूळ टेकवायचे, खिळे मारायचे, मग पुठ्ठा ओढून काढायचा. मे महिन्यात टाकत असाल तर फट ठेवू नका, ती थंडीत आपोआप पडते. वळणावर मात्र उलटं करायचं: दोन फ्लेक्स तुकडे सरळ असतानाच जोडून सोल्डर करायचे आणि मग एकत्र वाकवायचे, नाहीतर जोडापाशी कोपरा येतो आणि इंजिन तिथेच उडी मारतं.

प्लायवर तीन-चार एमएमची कॉर्क शीट फेविकॉलनं चिकटवा, त्यावर रूळ. कॉर्क आवाज खातो आणि खडीला उतार मिळतो. रूळ बसला की प्रत्येक जोडावरून बोटाचं नख फिरवा, दोन्ही दिशांनी, रुळाच्या वरून आणि आतल्या बाजूनं. नख अडकलं तर चाकही अडकणार. कानशीनं एक-दोन हात मारून ती कड मोडा. मग गाल फळीला टेकवून, एक डोळा मिटून रुळाच्या पातळीतून बघा. उभं राहून सरळ दिसणारा रूळ असा पाहिला की त्याचे सगळे नागमोडी वळसे उघडे पडतात. डाव्या वळणाला लागून लगेच उजवं वळण कधीच ठेवू नका, मधे निदान एका डब्याएवढा सरळ तुकडा हवा.

यानंतर एक महिना काहीही सजवू नका. नुसत्या उघड्या रुळांवर गाड्या पळवा, पुढून, मागून, ढकलत, ओढत. जिथे डबा उतरेल तिथे खडूनं फुली मारा. एकाच फुलीवर वेगवेगळे डबे उतरले तर दोष रुळाचा. एकच डबा वेगवेगळ्या जागी उतरला तर त्याची चाकं मोजा: एचओमध्ये दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४ ते १४.५ मिलिमीटर असावं. व्हर्निअर कॅलिपर नवी पेठेतल्या हार्डवेअरमध्ये मिळतो. चाक आसावर हलकं पिळून आत-बाहेर सरकवता येतं.

वायरिंगमध्ये मी स्वतः मोटारींचा माणूस असूनही चुकलो होतो. पहिल्या लेआउटला कंट्रोलरच्या दोन वायरी एकाच जागी जोडल्या आणि बाकी सगळं फिशप्लेटवर (दोन रूळ जोडणाऱ्या धातूच्या छोट्या पट्टीवर) सोडलं. नवीन असताना चाललं. दुसऱ्या वर्षी फिशप्लेटच्या आत काळपट थर बसला आणि गाडी खोलीच्या त्या टोकाला गेली की रांगायला लागली. फिशप्लेट दोन रूळ एका रेषेत धरते, करंट तिच्यावर सोपवायचा नाही. फळीखालून दीड स्क्वेअर एमएमच्या दोन वायरी पूर्ण फेऱ्याला फिरवा, लाल आणि काळी, आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिथून अर्ध्या स्क्वेअरची बारीक वायर वर आणा. रुळाच्या बाहेरच्या अंगाला सोल्डर करा, म्हणजे चाकाच्या कडेला लागत नाही. सोल्डरिंग झटपट उरका, टोक गरम आणि स्वच्छ असेल तर दोन सेकंद पुरतात, जास्त वेळ धरलं की प्लास्टिकचे स्लीपर वितळतात. ॲसिडची पेस्ट वापरू नका, सहा महिन्यांत जोड हिरवा पडतो. रंगांची शिस्त कधीही मोडू नका. लाल संपली म्हणून पिवळी जोडली, तर दोन वर्षांनी खाली वाकून बघताना काही आठवत नाही. कुठली वायर कुठे जाते ते वहीत लिहून ठेवा.

साधा डीसी करंट की डीसीसी, म्हणजे एकाच रुळावरच्या प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देणारी डिजिटल पद्धत, यावर उगाच फार वेळ घालवू नका. तुमच्याकडे एक इंजिन आहे, सेटचा बारा व्होल्टचा डीसी कंट्रोलर पुरेल. वायरिंग वर सांगितलं तसं केलं असेल तर उद्या तिसरं-चौथं इंजिन आल्यावर डीसीसीचा डबा त्याच दोन वायरींना जोडता येतो. तेव्हा एक चाचणी करायची: रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवायचं, दर दोन-तीन फुटांवर. प्रत्येक ठिकाणी बूस्टर (डीसीसीचा रुळांना करंट पुरवणारा भाग) लगेच बंद पडला पाहिजे. जिथे पडत नाही तिथे वायर कमी पडते आहे, आणि शॉर्ट झाला तर डबा वितळेपर्यंत करंट वाहत राहील. घरच्या २३० व्होल्टला मुलाचा हात लागता कामा नये. अॅडॉप्टर भिंतीवर उंच, त्याचं बटण वेगळं, आणि खोलीतून निघताना ते बंद.

मग खडी. खरी खडी २० ते ६५ मिलिमीटरची असते, ८७ नं भागली की बारीक रव्याएवढी. मी आपल्याच काळ्या दगडाचा चुरा वापरतो. खाणीवरून फुकट मिळतो, रंग आपल्या लाईनसारखाच. रव्याच्या चाळणीतून पडेल तो घ्यायचा, मैद्याच्या चाळणीतून पडेल तो टाकायचा, मग धुवून उन्हात वाळवायचा. पण पुढची पायरी चुकवू नका. पहिल्यांदा मी खडी लावली आणि आठवड्यात इंजिन करकरायला लागलं. खालचं झाकण उघडलं तर मोटरच्या चुंबकाला काळ्या कणांची दाढी फुटली होती, गिअरच्या दातांतही तेच. आपला दगड बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट असतं, लोखंडासारखं चुंबकाला धरणारं. तेव्हापासून वाळलेला चुरा मी वर्तमानपत्रावर पातळ पसरतो आणि जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावरून अगदी जवळून फिरवतो. पिशवीला चिकटलेलं बाजूला नेऊन पिशवी उलटी केली की ते गळून पडतं. पुन्हा पसरायचं, पुन्हा फिरवायचं. चार-पाच फेऱ्यांनंतर पिशवी कोरडी येते, तो चुरा रुळावर घालायचा. एका किलोमागे बराच माल बाजूला पडतो, पडू द्या.

खडी कोरडी पसरून ब्रशनं सारखी करा, पिचकारीनं पाण्याचा धुरळा मारा, मग एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि दोन थेंब भांड्याचा लिक्विड साबण हे मिश्रण ड्रॉपरनं सोडा. साबण नसेल तर थेंब खडीवर मोत्यासारखा गोल उभा राहतो, आत शिरत नाही. सांध्याच्या हलत्या पात्यांपाशी खडी लावूच नका, तिथे नुसता काळपट रंग.

देखाव्याबद्दल थोडंच सांगतो, कारण त्यात तुम्हाला नि मुलाला स्वतः रमायचं आहे. बाजारातले हिरवेगार गवताचे गालिचे घेऊ नका, ते आपल्याकडचं दिसत नाही. गाडीतून मोहोळच्या बाजूला बघा: काळी माती, पिवळं पडलेलं कुसळी गवत, बाभळी, कडुलिंब, मधेच ज्वारीचा पट्टा. खरी काळी माती मात्र थराने लावू नका, भिजली की फुगते आणि वाळली की भेगा पडून सुटते. आधी काळपट तपकिरी रंग द्या आणि तो ओला असताना वस्त्रगाळ माती वरून चिमटीनं शिंपडा.

टिकवायचं कसं, यात तुमच्या घराचा मुख्य शत्रू शेजारचा कारखाना. मागावरून उडणारे सुताचे तंतू डोळ्याला दिसत नाहीत, पण ते रुळावर बसतात, तेलकट चाक ते उचलतं आणि आसाभोवती गुंडाळत जातं. इंजिन उलटं करून खालची पट्टी उघडा. चाक आणि गिअरच्या मधे एक करड्या रंगाची घट्ट वात दिसेल. मी एकदा अशी वात चिमट्यानं सोडवली, तिच्यात चादरीचे लाल-हिरवे धागे वेगळे ओळखू येत होते. तुमच्या इंजिनाचं तेच झालंय, आणि सतरंजीनं त्यात भर घातली. आजच उघडा, टोकदार चिमट्यानं धागे ओढून काढा, चाकांवरचा काळा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, आणि गाडी पुन्हा कधी सतरंजीवर चालवू नका. तात्पुरती एखादी प्लायची फळी टाका.

खोलीच्या कारखान्याकडच्या खिडकीला बारीक जाळी लावा आणि ती दर आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसा. लेआउट वापरत नसाल तेव्हा वर प्लास्टिकचं आवरण घाला. आपल्या घरात चादरींना तोटा नसतो, म्हणून पहिल्यांदा हात चादरीकडेच जातो, पण सुती चादर स्वतःच तंतू सोडते. कुंच्यानं झाडू नका, झाडलेलं सगळं पुन्हा रुळावर येतं. व्हॅक्यूम क्लिनरच्या तोंडाला पातळ मोजा ताणून बांधा, म्हणजे देखाव्यातला सुटा दिवा किंवा चिमुकला माणूस आत ओढला जात नाही.

रूळ सँडपेपरनं घासायचा मोह आवरा. लगेच चकचकीत होतो, पण त्यावर बारीक चरे पडतात आणि काळा थर दुप्पट वेगानं त्या चऱ्यांत बसतो. स्वच्छ सुती कापड लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून, अल्कोहोलमध्ये ओलं करून पुसा. अगदी हट्टी डागाला शाळेचा कडक खोडरबर. डब्यांची प्लास्टिकची चाकं जमेल तशी बदलून धातूची घ्या, प्लास्टिक धूळ फार ओढतं आणि सगळ्या फेऱ्यात पसरवतं. तेल वर्षातून एकदा, सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब, फक्त आसाच्या टोकांना आणि मोटरच्या बेअरिंगला, आणि प्लास्टिकला चालणारं. खोबरेल मुळीच नको, आपल्या डिसेंबरात ते बाटलीत थिजतं तसंच गिअरमध्ये थिजतं.

एप्रिल-मेमध्ये इंजिनं खालच्या मजल्यावरच्या कपाटात आणून ठेवा आणि खिडकीतून थेट ऊन पडणाऱ्या रुळावर गाडी उभी करू नका. बऱ्याच इंजिनांच्या चाकांवर रबराची पातळ वळी असते, ती या उष्णतेत कडक होऊन तडकते. पावसाळा सरला की सप्टेंबरच्या शेवटी एक दिवस काढून सगळे सांधे हलवून बघा, फळीखाली टॉर्च मारा, उंदरानं वायर कुरतडली आहे का, वाळवीची मातीची रेघ चढली आहे का. बाकी दिवसांत सर्वांत मोठी देखभाल म्हणजे गाडी चालवणं. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं गाडी फिरली तर रूळ फारसे काळे पडतच नाहीत.

काही विकत घेण्याआधी मुलाला पुण्याला कोथरूडच्या जोशी यांच्या छोट्या रेल्वे संग्रहालयात घेऊन जा. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जमवलेल्या आणि बांधलेल्या गाड्यांचं हे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन संध्याकाळच्या हुतात्मानं परत येता येतं. तिथे गाड्यांपेक्षा रूळ नीट बघायला सांगा त्याला: वळणं किती मोठी आहेत, सांधे कुठे ठेवले आहेत.

मुलाला कोणतं काम द्यावं असंही तुम्ही विचारलंय. खडीवर चुंबक फिरवणं, जोडावर नख फिरवून फुल्या मारणं, आणि दर रविवारी चाकं पुसणं, ही तीन कामं त्याचीच. सोल्डरिंग तुमच्या शेजारी बसून बघू दे, बाराव्या वर्षी हातात द्या.

जाता जाता एक: खोलीचं दार आत उघडतं की बाहेर, आणि खिडकी कुठल्या भिंतीला आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दार आत उघडत असेल तर बिजागऱ्या फिरवून ते बाहेर उघडेल असं आधी करून घ्या, नाहीतर उचलता पूल दाराच्या आड येईल. तेवढं कळवलंत तर सांधे कुठे टाकायचे याचा नकाशा मी मापासकट काढून देतो.